बोटावरचा आकडा आणि तोंडचा शब्द

मराठीत ‘दम’ हा शब्द बरीच कामं करतो. जिना चढलं की दम लागतो, मोठी माणसं दम देतात, एखाद्याच्या बोलण्यात दम असतो किंवा नसतो, आणि घाई करणाऱ्याला आपण सांगतो, ‘जरा दम धर.’ मी एका तालुक्याच्या गावात रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून काम करते. तिथे हे सगळे दम एकाच खोलीत भेटतात. बाकावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसलेला माणूस तुटक आवाजात म्हणतो, ‘दम... लागतोय.’ खिडकीपलीकडून उत्तर येतं, ‘दम धरा की जरा, आधी केसपेपर काढा.’ ज्याच्याकडे दम उरलेला नाही त्यालाच तो धरायला सांगितला जातो, आणि यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटत नाही.

मला त्यामागचा प्रश्न छळतो. ‘मला श्वास पुरत नाही’ असं कुणी म्हणतं तेव्हा ते वाक्य नेमकं काय असतं? तो पुरावा असतो, की पुरावा मागण्याजोगा नुसता दावा?

तापाचं तसं नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो. जखम डोळ्यांना दिसते, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं. दम लागणं मात्र आधी ज्याचं त्यालाच कळतं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं १९९९ मध्ये दम लागण्याची जी व्याख्या केली, तीच मुळी ‘श्वास घेतानाच्या त्रासाचा व्यक्तिगत अनुभव’ अशा धर्तीची आहे. म्हणजे व्याख्येप्रमाणेच या घटनेचा साक्षीदार एकटा रुग्ण. तरीही ती साक्ष पुरी व्हायच्या आत आपण त्याच्या बोटाला चिमटा लावतो आणि त्याच्या चेहऱ्याऐवजी चिमट्याच्या पडद्याकडे बघायला लागतो.

त्या चिमट्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पल्स ऑक्सिमीटर ही मोठी गोष्ट आहे. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ च्या सुमारास त्याचं तत्त्व शोधलं. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश सोडायचे, प्रत्येक ठोक्याबरोबर त्यातला किती शोषला जातो ते मोजायचं, आणि त्यावरून रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती हिस्सा ऑक्सिजननं भरलाय याचा अंदाज करायचा. सुई नाही, रक्त नाही. भूल दिलेल्या रुग्णाचा ऑक्सिजन कमी होतोय हे पूर्वी ओठ निळे पडल्यावर कळायचं, ते त्याच्या किती तरी आधी कळू लागलं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले. नेमक्या त्याच काळात त्यांचं यंत्र जगभर घराघरांत शिरत होतं.

तेव्हाचे दिवस तुम्हालाही आठवत असतील. फॅमिली ग्रुपवर आजोबांच्या बोटाचा फोटो यायचा, ९४, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. सहा मिनिटं चालून पुन्हा बोट तपासा, हा सल्ला घरोघरी पोचला होता. त्या काळात डॉक्टरांनाही चक्रावून टाकणारे रुग्ण दिसले: आकडा ऐंशीच्या आत, आणि माणूस फोनवर निवांत गप्पा मारतोय. मार्टिन टोबिन या श्वसनतज्ज्ञानं २०२० मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात याची उकल केली. आपल्याला गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नुसता ऑक्सिजन उतरला तर मेंदू तितकी आरडाओरड करत नाही. त्या रुग्णांचा कार्बन डायऑक्साइड वाढलेला नव्हता, म्हणून शरीर गप्प होतं. तिथे आकडा खरं सांगत होता आणि ‘मला काही होत नाही’ हा शब्द फसवा होता. त्या आकड्यानं अनेकांना वेळेवर रुग्णालयात आणलं.

गोष्ट इथेच संपली असती तर उत्तर सोपं होतं: माणसं चुकतात, यंत्रावर भरवसा ठेवा. पण आता दुसरी बाजू पाहू.

ऊसतोडीला आलेली एक बाई. चाळिशीच्या आतली, सोबत कुणी मोठ्यानं बोलणारं नाही. ‘काय नाय, चालताना जरा दम लागतो,’ इतकंच म्हणाली. बोटावर ९८. अशा बाईला गोळ्या देऊन घरी धाडणं सगळ्यात सोपं असतं. पण तिच्या पापणीची आतली कड पांढरीफटक होती. तपासलं तर हिमोग्लोबिन पाच. आता गंमत अशी, की यंत्र खोटं बोलत नव्हतं. तिच्या अंगात जेवढं हिमोग्लोबिन होतं, त्यातलं ९८ टक्के ऑक्सिजननं भरलेलंच होतं. प्रत्येक लोकल गच्च भरलीय एवढं ऑक्सिमीटर सांगतो. दिवसाला किती लोकल धावतात ते तो सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे सुरेख आकडा दाखवत धापा टाकणाऱ्या बायका आपल्याकडे अपवादानं सापडत नाहीत.

आकड्याच्या मर्यादा इथे थांबत नाहीत. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून अंघोळ करणारी माणसं कार्बन मोनॉक्साइडनं बेशुद्ध पडतात. नेहमीच्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजननं भरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, त्यामुळे तो निर्धास्तपणे चांगला आकडा दाखवतो. ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या रुग्णाचा आकडा उत्तम राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचून तो हळूहळू गुंगीत जातो. चिमट्याला ते दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी एक अभ्यास छापला. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली असणं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा. त्वचेच्या रंगद्रव्यातून प्रकाश जाताना अंदाज चुकतो. जे यंत्र माणसाचं तोंड बघत नाही असं आपण समजत होतो, ते कातडी बघत होतं. हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडची सावळी आणि काळी बोटंही त्याच चिमट्यात जातात.

म्हणजे शब्द फसवतो आणि आकडाही फसवतो. मग दोघांचं पटत नाही तेव्हा कुणाचं ऐकायचं?

व्यवहारात काय होतं ते सांगते. आकडा आणि शब्द यांचं जमत नसेल तर स्पष्टीकरण द्यायची जबाबदारी रुग्णावर पडते. ‘सॅच्युरेशन ९९ आहे, तुम्हाला दम कसा लागेल?’ हे वाक्य मी किती तरी वेळा ऐकलंय. विशेषतः समोर तरुण मुलगी असेल तर. पुढचा शब्द ठरलेला असतो: टेन्शन. किंवा त्याहून वाईट, नाटक.

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ स्त्रीनं २००७ मध्ये ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायावर पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं साधं आहे. ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाला मिळायला हवी तेवढी किंमत मिळत नाही, तेव्हा त्याच्यावर एका वेगळ्या प्रकारचा अन्याय होतो. स्वतःबद्दल काही जाणणारा माणूस हीच त्याची ओळख नाकारली जाते. हावी कारेल ही ब्रिस्टल विद्यापीठातली तत्त्वज्ञ. तिला २००६ मध्ये फुप्फुसांचा एक दुर्मीळ आजार असल्याचं निदान झालं. पुढे तिनं श्वास न पुरणं आतून कसं असतं यावर लिहिलं, आणि फ्रिकरची ही कल्पना आजारी माणसांच्या अनुभवाला लावून पाहिली. धडधाकट माणसाला जो रस्ता सपाट वाटतो, त्यातला चढ दम लागणाऱ्याला कळतो. रस्त्याबद्दल त्याला जास्त माहिती आहे, पण विचारलं जातं धडधाकट माणसालाच.

या अन्यायाचं टोक जगानं मे २०२० मध्ये पाहिलं. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली वारंवार सांगत होता की श्वास घेता येत नाही. बोलायला भरपूर ऑक्सिजन लागतो, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. म्हणजे, बोलतोयस त्या अर्थी श्वास चालू आहे. एप्रिल २०२१ मध्ये खटल्यात साक्ष द्यायला जे श्वसनतज्ज्ञ उभे राहिले ते वर आलेलेच मार्टिन टोबिन. त्यांनी न्यायालयाला समजावलं की हे वाक्य खरं असूनही घातक आहे. बोलताना त्या क्षणी श्वास चालू असतो, पण पाच सेकंदांनी चालू असेल याची त्यात कुठलीही हमी नसते.

मला या योगायोगाचं फार वाटतं. तोच तज्ज्ञ एका वर्षी सांगतो की रुग्ण ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी आकडा बघा, आणि पुढच्या वर्षी सांगतो की माणूस ‘श्वास येत नाही’ म्हणाला तर त्याचं बोलता येणं हा त्याच्याविरुद्धचा पुरावा मानू नका. यात विसंगती नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे: शब्द आणि आकडा यांच्यात भांडण असेल, तर जो वाईट बातमी सांगतोय त्याचं आधी ऐका.

हे तत्त्व भाबडं नाही, त्याला हिशेब आहे. दम लागत नसलेल्या माणसाकडे दहा मिनिटं जास्त पाहिलं तर दहा मिनिटं जातात. दम लागलेल्याला खोटं ठरवलं तर कधी कधी माणूस जातो. दोन चुकांची किंमत इतकी विषम असताना दोघांकडून सारखाच पुरावा मागणं म्हणजे तटस्थता नव्हे.

यावर माझेच सहकारी जो आक्षेप घेतात तो खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर, ऑक्सिजनच्या मोजक्या खाटा. जो तो म्हणतो मला दम लागतोय. सगळ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला तर होईल काय, ज्याच्यासोबत दहा नातेवाईक आणि एखादा नगरसेवकाचा फोन, त्याचा शब्द सगळ्यात मोठा ठरेल. ‘काय नाय, जरा दम लागतो’ म्हणणारी ती बाई शेवटची राहील. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे यानं जखमींना हुद्द्याप्रमाणे न पाहता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे पाहायचं ठरवलं, ते याचसाठी. आकड्याचं मोठेपणही याच जागी आहे. त्याला वशिला कळत नाही.

शिवाय श्वासाच्या आजारात आवाज हाच मोठा भुलवणारा असतो. दम्याच्या झटक्यात छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. तो ऐकून घरचे घाबरतात. पण आजार हाताबाहेर जातो तेव्हा तो आवाज थांबतो, कारण आवाज करण्याइतकीही हवा आतबाहेर होत नाही. याला आम्ही सायलेंट चेस्ट म्हणतो आणि त्याला खरे घाबरतो. बाहेरच्या बाकावरही असंच असतं. जो ओरडतोय त्याच्याकडे अजून ओरडण्यापुरता श्वास आहे. कोपऱ्यात मान टाकून बसलेला, मघाशी तडफडत होता आणि आता ‘शांत झालाय’ असं घरचे ज्याच्याबद्दल समाधानानं सांगतात, तो आधी पाहायचा.

म्हणून ‘रुग्णावर विश्वास ठेवा’ असं नुसतं म्हणून भागत नाही. विश्वास म्हणजे काय, हे ठरवावं लागतं. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: विश्वास म्हणजे होकार नव्हे. खाट देणं नव्हे, मास्क लावणं नव्हे, त्याचं निदान मान्य करणंही नव्हे. विश्वास म्हणजे हातात कारण सापडेपर्यंत प्रश्न बंद न करणं.

कॉलेजातली एक मुलगी मैत्रिणींनी आणली होती. परीक्षा दोन दिवसांवर. श्वास भरभर, बोटांना मुंग्या, बोटावर ९९. एक-दोघांनी निकाल देऊनही टाकला होता. आम्ही ईसीजी काढला, पोटऱ्या पाहिल्या, गोळ्या-औषधं विचारली, छाती ऐकली. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली तरी सुरुवातीला आकडा बरा असू शकतो, म्हणून हे करावं लागतं. तिला तसलं काही निघालं नाही. पॅनिक अटॅकच होता. म्हणजे ‘टेन्शन’ म्हणणारे जिंकले का? मला तसं वाटत नाही. तिनं कधीच म्हटलं नव्हतं की माझा ऑक्सिजन कमी आहे. ती म्हणत होती, श्वास पुरत नाही. ते पहिल्या मिनिटापासून खरं होतं. आकडा एका प्रश्नाचं उत्तर देत होता, ती दुसऱ्या. कारण भीती असली म्हणून अनुभव खोटा होत नाही. आणि आधी तपासून मग ‘ही भीती आहे’ असं सांगणं, आणि न तपासता तेच सांगणं, ही शब्दानं सारखी पण अर्थानं वेगळी वाक्यं आहेत. पहिलं ऐकून तिचा श्वास सावकाश झाला. दुसरं ऐकून तो वाढतच होता.

आता शब्द आणि आकडा यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते. ती फुकट आहे आणि म्हणूनच दुर्लक्षित आहे: बघणं. मिनिटाला श्वास किती, हे मोजायला यंत्र लागत नाही. घड्याळ लागतं आणि एक मिनिट लागतं. मोठ्या माणसात साधारण बारा ते वीस. पंचवीसच्या वर गेला तर कान टवकारायचे. कुठल्याही वॉर्डातले कागद चाळा. नाडी वेगवेगळी, रक्तदाब वेगवेगळा, आणि श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २०. वीस जण एकाच लयीत श्वास घेत नसतात. तिथे कुणी मोजलेलंच नसतं. त्या एका मिनिटात आणखी बरंच दिसतं. मानेचे स्नायू ताणले जातायत का, वाक्य एका दमात पुरं होतंय का, आडवं झोपता येतंय का, माणूस गुंगीत जातोय का. घरचे जे एक वाक्य बोलतात तेही तेव्हाच ऐकू येतं: ‘हा नेहमीसारखा नाहीये.’

१९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते आणि पहिल्या तीन आठवड्यांत तशा ३१ पैकी २७ जण दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसत होतं. मोजमाप बरोबर होतं, पण त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झालंय असा लावला जात होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं म्हटलं, हे लोक श्वास बाहेर टाकू शकत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. २७ ऑगस्टला त्यानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी घातली आणि हातानं पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग तेवढी यंत्रं नसल्यानं सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले आणि दिवसरात्र हातानं पिशव्या दाबत राहिले. मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मोजतात. आकडा तोच होता. तो माणसाशेजारी ठेवून वाचला गेला, तेव्हा त्याचा अर्थ लागला.

तुमच्यापैकी बहुतेक जण डॉक्टर नसाल. पण रात्री अडीच वाजता घरातलं कुणी ‘श्वास पुरत नाही’ म्हणेल तेव्हा पहिला ऐकणारा तुम्हीच असाल, आणि मनगटावरचं घड्याळ कदाचित ९७ दाखवत असेल. तेव्हा त्या माणसाला आडवं पाडू नका, बसतं करा. दम्याचा पंप असेल तर द्या. वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे दिसत असतील, गुंगी येत असेल, तर आकडा उतरायची वाट न बघता १०८ लावा. आणि एक मिनिट, फोन खाली ठेवून, त्याच्या छातीकडे बघत श्वास मोजा. तो आकडा दवाखान्यात सांगा. कदाचित आमच्या कागदावर त्या रात्री खरोखर मोजलेला तेवढाच असेल.

मोजता मोजता त्याच्या लक्षात येतं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय. श्वास न पुरणाऱ्या माणसाला एकटेपणाची भीती हवेच्या कमतरतेइतकीच मोठी असते, हे मी शिकवून नाही, बघून शिकले. ती भीती कमी करायला सिलेंडर लागत नाही. त्याच्या शब्दाला खरं धरून शेजारी बसलेला एक माणूस लागतो, जो ‘दम धर’ म्हणत नाही, ‘सांग’ म्हणतो, आणि तुटक शब्दांमधल्या जागा भरून यायला थांबतो.